घोडं बुजलं की बाजा बंद

निसारचाचांनी गोळ्यांची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली, ‘यातल्याच द्या’ म्हणाले आणि मग मान वर करून बघितलं. समोर मी होते. पट्टी झटक्यात खिशात गेली, पण मेडिकल दुकानात काम करणाऱ्या माणसाला त्या गोळ्या ओळखायला नाव वाचावं लागत नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या त्या.

चाचा म्हणजे गुलशन ब्रास बँडचे मास्तर. कोल्हापुरात ज्याची वरात दणक्यात निघाली, त्याच्या वरातीपुढे बहुतेक चाचांची क्लॅरोनेट असायची. त्यांचा मुलगा उजैर आमच्या बँडचा गिटारवाला. आमच्या बँडचं नाव ‘पावणं’. माझा भाऊ संघर्ष ड्रमला आणि गायला मी, दीक्षा कांबळे. साल २००३. पुढच्या रविवारी नाट्यगृहात आमचा कार्यक्रम होता, आणि तो तसाच्या तसा रेकॉर्ड होऊन त्याची सीडी निघणार होती. मागे साथीला मोठा वाद्यवृंद, त्यातली निम्मी माणसं चाचांची. कागदावरचे सूर त्यांना वाचता येत नव्हते. ती फक्त चाचांकडे बघून वाजवायची.

घराजवळ कुणी बघू नये म्हणून चाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला राजारामपुरीत औषध घ्यायला आले होते. डॉक्टरही मिरजेचा गाठला होता. कोल्हापुरात दवाखान्यांचा काही तुटवडा नाही, पण आजार लपवायचा असला की आमच्याकडचा माणूस मिरजेची एसटी धरतो. एवढा पक्का बेत, आणि काउंटरला मी.

मी चाचांच्या मागोमाग दुकानातून बाहेर आले. डॉक्टरनं लगेच ॲडमिट व्हायला सांगितलंय, पण सोमवारी जाणार आहे, असं त्यांनी उसाच्या भावाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी म्हटलं, आजच जा, मी उजैरला फोन करते. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“ऐक. जल्मभर रस्त्यावर वाजीवलं म्या. लोक नाचत्यात, भांडत्यात, गाडीला वाट मागत्यात. बाजा ऐकत कुणी न्हाय. रविवारी लोक खुर्चीत बसून ऐकणार हायती. तेवढं बघू दे मला.”

“चाचा, माझ्या आबांचं तुम्हाला ठाव हाय न्हवं?”

“हाय की. मातीला आलतो मी अण्णासोच्या.”

एवढं बोलून त्यांनी, कुणाला सांगणार नाही, अशी माझ्याकडून गळ्याशपथ घेतली. गाणाऱ्या बाईनं गळ्याची शपथ घेतली की ती मोडत नाही, हे त्या बेरकी माणसाला नीट ठाऊक होतं.

आबांचं सांगायलाच हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही. माझे वडील अण्णासो कांबळे यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगाव बोलावणी असायची. मी सहावीत असताना मुरगूडला कार्यक्रम होता. आबांनी शेवटचं गाणं घेतलं, आणि शेवटच्या तानेला ते वर वर जात राहिले. ती तान त्यांनी इतकी लांब धरली की लोक उठून उभे राहिले. मग आबा हळूच खाली बसले. लोकांना वाटलं, गाणं संपवायची ही तऱ्हा आहे. टाळ्या पडल्या. पेटीवाला पेटीकडे बघून वाजवत होता, ढोलकीवाल्याचे डोळे मिटलेले होते, कोरसवाले लोकांकडे बघून हसत होते. आबांच्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. मी पुढेच बसले होते, आणि मीही टाळ्या वाजवत होते. आबा बसले ते बसलेच.

तेव्हापासून मी भित्री. आई, म्हणजे शालनबाई कांबळे, म्हणायची की गाणं सोडून दे. ते मला जमलं नाही, आणि भीती सोडणंही जमलं नाही. मी वरची तान घेतली की कुणी खाली बसतंय का, हे आजूबाजूला बघते. हे येडपटपण आहे, मला कळतं. कळल्यानं भीती जात असती तर शाळेतल्या बाईंना साप बघून बाकावर चढावं लागलं नसतं.

आणि आमचं शेवटचं गाणं नेमकं आबांच्या चालीवरचं होतं. संघर्षचा हट्ट. शब्द नवे, गिटार, ड्रम सगळं आमचं, पण शेवटची तान आबांची. तिथं वाद्यवृंदानं माझ्या सुराखालून चढत जायचं, आणि किती वेळ हे ठरलेलं नाही. मी हात खाली करीपर्यंत चाचांची क्लॅरोनेट माझ्याबरोबर राहणार, आणि क्लॅरोनेट वर आहे तोवर चाचांची माणसं थांबणार नाहीत. म्हणजे त्या छातीनं किती फुंकायचं, हे माझ्या हातात होतं. शपथ घेताना माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. घरी जाताना केएमटीच्या बसमध्ये आलं, आणि मी माझ्या स्टॉपवर उतरायची विसरले.

त्या आठवड्यातल्या तालमी मला आजही आठवायला नको वाटतात. तालीम चाचांच्या गोदामात व्हायची. भिंतीला फुंकायचे मोठे पितळी भोंगे टांगलेले, कोपऱ्यात वरातीच्या बत्त्या. एका बाजूला हंबीररावांची व्हायोलिनवाली मंडळी खुर्च्यांवर, पुढे कागद. हंबीरराव जुने व्हायोलिनवाले, एकेकाळी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवलेले, शिस्तीचे. दुसऱ्या बाजूला चाचांची माणसं, सगळी उभी. या लोकांना बसून वाजवताच यायचं नाही. उभं राहिलं तरी पाय जागच्या जागी चालायचे, जसं काही अजून महाद्वार रोडवरनं वरात पुढं सरकतेय.

हंबीरराव म्हणाले, स्टेजवर सगळे बसतील, रांग सारखी दिसली पाहिजे. चाचांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “बसून वाजीवणारा मास्तर म्हंजे मेल्याला मास्तर.” सगळे हसले. मी हसले नाही. मी मनात म्हणत होते, बसा हो चाचा, तेवढाच दम वाचंल. शेवटी तडजोड झाली, की खुर्च्या सगळ्यांमागे ठेवायच्या, आणि ज्याला बसायचं त्यानं बसावं. चाचांची माणसं मास्तर बसल्याशिवाय बसणार नव्हती, आणि मास्तर तर बसणारच नव्हते.

दुसरं भांडण तोंड कुणीकडे करायचं यावरून. हंबीररावांचं म्हणणं, सगळ्यांनी प्रेक्षकांकडे बघावं. चाचा म्हणाले, मी दीक्षाकडं तोंड करून उभारणार. वरातीत मास्तर नेहमी उलटा चालतो, घोड्याकडे तोंड करून. का, तर घोड्यावर नजर ठेवायची असते. घोड्यानं कान मागं टाकले, डोळं पांढरं केलं की क्लॅरोनेट खाली, बाजा तिथंच बंद. घोडं शांत झालं की एकच खालचा सूर, आणि मग पुन्हा सुरू. नवीन पोरांना चाचा सूर शिकवायच्या आधी हे शिकवायचे. एकदा हातकणंगल्यात दुसऱ्या कुठल्याशा बँडनं हे पाळलं नाही, तर घोडं नवरदेवाला घेऊन थेट रेल्वे स्टेशनात शिरलं, आणि मुंडावळ्या लावलेला नवरदेव मिरजेच्या गाडीसमोर उभा. हे सांगताना चाचा स्वतःच इतके हसले की त्यांना खोकला आला. खोकता खोकता ते गोदामाच्या मागच्या दारातून बाहेर गेले. जिभेखाली काय गेलं ते मला न बघता कळलं. उजैर म्हणाला, अब्बांना धुळीचा त्रास होतो. मी गळ्याला हात लावला.

रविवारी दुपारीच मी नाट्यगृहात पोचले. पुण्याहून आलेला रेकॉर्डिंगवाला वायरी पसरत होता. सगळं एकाच झटक्यात होणार, चुकलं तर चुकलं, असं त्यानं सांगितलं. मला सीडीची फिकीर राहिलीच नव्हती. मी विंगेत चाचांना गाठलं. लाल कोट, खांद्यावर जरीच्या झालरी, मिशीला तेल. कोटाच्या वरच्या खिशावर मी बोट ठेवलं. गोळी आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हणाले. कशी वाटतेय तब्येत, तर म्हणाले नवरदेवासारखी. मग पडद्याच्या फटीतून त्यांनी मला प्रेक्षक दाखवले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. “बघ की,” ते हळूच म्हणाले, “सगळी बसल्यात.” त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला उजैरला सांगायचं धाडस झालं नाही. शपथेपेक्षा त्या डोळ्यांनीच मला जास्त बांधलं.

पडदा वर गेला. पहिल्या गाण्याला लोकांनी अशी दाद दिली की दुसरं कुणी असतं तर हवेत गेलं असतं. मी मात्र प्रत्येक गाण्यात चाचांकडेच बघत होते. ते माझ्या उजव्या हाताला, माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्यामागे ढोलवाला गुंडू, तो चाचांपेक्षाही म्हातारा, आणि बाकीचे, पाय हलवत. चाचांच्या कपाळावर घाम होता. घाम सगळ्यांनाच येतो, वर एवढे दिवे. ते मधेच कोट झटकायचे. कोट कुणीही झटकतं. तिसऱ्या गाण्यात मी दुसरं कडवं आधी म्हटलं. संघर्षनं ड्रमवरून माझ्याकडे डोळे वटारले. गाण्यांच्या मधे मी लोकांशी बोलायचं ठरलेलं होतं, गमतीजमती करायच्या होत्या. मी फक्त ‘पुढचं गाणं’ म्हणत गेले. लोकांना वाटलं असेल, पोरगी शिष्ट दिसते.

शेवटच्या गाण्याआधी चाचांनी डावा हात छातीवर दाबलेला मी बघितला. नंतर ते म्हणाले, कोटाचं बटण लावत होतो. असेलही.

गाणं सुरू झालं. व्हायोलिनं आली, उजैरची गिटार आली, मग गुंडूचा ढोल असा आला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. माझ्या मनात एकच हिशोब चालला होता: तान छोटी घ्यायची. वर जायचं आणि लगेच हात खाली. पण तान सुरू झाली आणि मला हात खाली करता येईना. हात वरच राहिला. आबांची तान होती ती, तिला तिचाच जोर. मी वर चाललेय, चाचांची क्लॅरोनेट माझ्याखालून येतेय, त्यांचे गाल फुगलेले, मानेची शीर टरारलेली, तोंड लालबुंद. आता हे खाली बसणार, असं मला वाटलं. आता बसणार. मी तान सोडत नव्हते, आणि माझ्यासमोर एक माणूस माझ्या तानेनं मरत होता.

आणि चाचांची क्लॅरोनेट खाली आली.

सगळं थांबलं. ढोल, भोंगे, ट्रम्पेट, एका क्षणात. व्हायोलिनवाले दचकून थांबले, संघर्षचा एक जादा ठोका पडला, तोही थांबला. माझा सूर तेवढा एकटा हॉलमध्ये राहिला आणि मग तोही विरला. तेवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

त्या टाळीनं मी मुरगूडला जाऊन पोचले. मला चाचांकडे बघायचं नव्हतं, आणि माझी मान आपोआप तिकडे वळली. चाचा उभेच होते. क्लॅरोनेट कमरेशी धरून ते माझ्याकडे बघत होते. नीट, माझ्या तोंडाकडे. मग ते चालत माझ्याजवळ आले, सावकाश, अंगावर न येता, बाजूनं.

“काय झालं, पोरी?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय झालं?”

“मला काय हुतंय? तुजं डोळं पांढरं झाल्यात. घोडं बुजलं की बाजा बंद, सांगिटलं न्हवतं?”

इथं कुणाला हसू आलं तर येऊ द्या. सीडीचं रेकॉर्डिंग चालू, हॉल भरलेला, आणि हा माणूस माझं तोंड बघून वरात थांबवतो तसा बाजा थांबवून आला होता. कुठल्याही शहाण्या वाद्यवृंदात अशी चूक झाली नसती. तिथं गाणारी मरून पडली तरी माणसं कागद संपेपर्यंत वाजवतात. मुरगूडला तेच झालं होतं.

मला रडू फुटलं. माईक चालू आहे हेही मी विसरले. “चाचा, तुम्ही खाली बसशीला म्हणून भ्या वाटतंय मला,” मी म्हटलं. “आबांसारखं.”

ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. उजैरनं गिटार गळ्यातून काढली. तो आमच्याकडे आला आणि माझ्याकडे, मग बापाकडे बघू लागला. “अब्बा,” तो म्हणाला, “दीक्षा काय म्हणतेय?” चाचांनी हातानंच त्याला थांब म्हणून सांगितलं. मग वळले, आपल्या जागेवर गेले आणि मागची खुर्ची ओढून पुढे आणली.

चाचा खुर्चीवर बसले. लाल कोट, जरीच्या झालरी, मांडीवर क्लॅरोनेट. गुंडूच्या तोंडाचा आ झाला. त्यानं उभ्या आयुष्यात मास्तरांना वाद्य हातात घेऊन बसलेलं बघितलं नव्हतं.

“हे बघ, बसलो,” चाचा मला म्हणाले. “बसला म्हंजे माणूस गेला, असं नसतंय.”

मग मागे गडबड झाली. मास्तर बसले म्हणजे आपणही बसायचं, हे त्या माणसांनी कुणाला विचारलं नाही. गुंडू ढोल सांभाळत बसला, भोंगेवाला बसला, एकेक करून सगळे बसले, खुर्च्या करकरल्या. हंबीररावांनी व्हायोलिनचा गज कपाळाला लावला. आठवडाभर ते ज्यासाठी भांडत होते, ते आता झालं होतं.

चाचांनी क्लॅरोनेट तोंडाला लावली आणि एक सूर धरला. खालचा, मऊ, घोड्याच्या मानेवरून हात फिरवावा तसा. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. भीती गेली नव्हती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या तोंडाकडे कुणीतरी बघतंय, एवढं मला कळलं होतं. मी तान पुन्हा घेतली. यावेळी ती संपली तेव्हा मीच हात खाली केला, आणि चाचा बसलेलेच होते, डोळे उघडे, श्वास चालू. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र वाजवणाऱ्यांकडे बघितलंच नाही, चाचांच्या कोटाची बटणं वरखाली होतात का, तेच बघत राहिले.

सोमवारपर्यंत थांबायची वेळ आली नाही. स्टेजवरूनच उजैर आणि संघर्ष त्यांना घेऊन मिरजेला गेले. ऑपरेशन झालं. उजैर पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तो चुकला असं मला वाटत नाही. चाचा बरे झाले, पण वरातीत चालणं बंद झालं. आता गोदामात बसून पोरांना शिकवतात. बसूनच. सुरांच्या आधी घोडं.

पुण्याचा रेकॉर्डिंगवाला सीडीतून ती शांतता कापायला निघाला होता. मी कापू दिली नाही. आमचं बोलणं त्यानं काढून टाकलं, ते बरं झालं, पण मधली रिकामी जागा ठेवली. आता लोक भेटले की हटकून विचारतात, ती थांबायची आयडिया कुणाची, फार भारी आहे हो. मी आपली हसते. आवाज मोठा केला तर त्या शांततेत एक खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, आणि मग ती कुरकुरते. रेकॉर्डिंगमधला दोष आहे, असं एका शहाण्यानं पेपरात लिहिलं होतं.

मला अजून भीती वाटते. आई दोन हाका मारूनही ओ देत नाही तेव्हा वाटते, फोन अवेळी वाजला की वाटते. अशा वेळी मी ते गाणं लावते. ती खुर्ची कुरकुरली की बंद करते.